सासऱ्याला खाण्याचा प्रसंग

सासऱ्याला सिनेमात घेण्यामागे मेरगालीचा हिशेब साधा होता. सासऱ्याला, म्हणजे तोरेखानला, मिळणार होता पडदा. निवृत्तीनंतर वाढवलेल्या, छातीवर पसरलेल्या दाढीला लग्नांतल्या फोटोंपलीकडे काहीतरी काम मिळणार होतं. दिग्दर्शिकेला मिळणार होता एक रुबाबदार म्हातारा, तोही फुकट. आणि मेरगालीला मिळणार होती दुवा. बस्स, एक दुवा. जेवण संपलं की घरातला वडीलधारा दोन्ही तळवे वर करून चार शब्द बोलतो, बाकीचे तळवे पसरून ऐकतात, 'आमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवतात आणि खरकटं काढायला उठतात, तेवढीच. आल्माती शहरात ही वस्तू बस-ड्रायव्हरलाही मिळते. एखाद्या म्हातारीची पिशवी उचलून द्या, ती तिथेच फुटपाथवर उभ्या उभ्या दुवा देते, नको म्हटलं तरी देते. मेरगालीला मात्र ती सासऱ्याकडून लग्नाला इतकी वर्षं होऊनही मिळाली नव्हती, आणि आता बायकोचे, ऐमानचे, दिवस भरत आले होते. "बाबांच्या दुवेवाचून मूल यायचं थांबणार नाही," सकाळी चहात दूध ओतता ओतता ती म्हणाली होती, "पण आल्यावर त्याला मी काय सांगू? तुझ्या बापाला तुझ्या आजोबांनी अजून घरात घेतलेलं नाही म्हणून?" "घेतात की घरात. जेवायलाही घालतात." "जेवायला ते मांजरालाही घालतात," ऐमान म्हणाली आणि पोटावर हात ठेवून हसली. तिचं हसणं त्याला नेहमी थोडं उशिरा लागायचं, जिना उतरल्यावर वगैरे.

तर ते लागत असतानाच तो बसमध्ये होता, आणि त्याचा डावा गाल सडलेला होता. सिनेमातल्या एका झोंबीच्या, म्हणजे चालत्या मढ्याच्या, दाढेला ऐनवेळी ठणका लागला, तो गेला दवाखान्यात, आणि कामशातने (दिग्दर्शिका ती, बोलणं घाईचं, केस त्याहून आखूड, वयाने मोठ्या पुरुषांना 'आगा' म्हणायची) फोन करून सांगितलं, "मेरगाली आगा, लिहिलंय तुम्ही, तर मरा पण तुम्हीच." स्टुडिओच्या आवारात रंगवणाऱ्या बाईने त्याच्या गालावर रबराचं मांस चिकटवलं, एक कान अर्धा लोंबता केला, डोळ्यांखाली हिरवं-निळं भरलं, मग तो फोनवर बोलत राहिला आणि बाकी झोंब्यांना घेऊन गाडी निघून गेली. चित्रण होतं मंडईत, आणि मंडई जवळच, म्हणून त्याने बस पकडली. कुणी दचकलं नाही. या शहरात लोक बसमध्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, ती एक सभ्यताच आहे. पण दप्तर मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी त्याला पाहताच उठली आणि म्हणाली, "बसा ना आजोबा." मेरगाली बसला. आजोबा! पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्याने. त्याला वाटलं, हिने गाल पाहिला नाही की काय? पण पाहिला असणार, चांगला पाहिला असणार, तिच्या नजरेत किळस आली होती आणि तरी ती उठली होती. सडलेला असला म्हणून काय झालं, मोठा माणूस आहे, उभा कसा राहील? त्या साध्या उठण्याने त्याच्या आत कुठेतरी एक खिळा ढिला झाला. कारण त्याची सगळी पटकथा उभी होती ती अशी मुलगी उठणार नाही या एका गृहीतावर.

पटकथेचा त्याला अभिमान होता. आटलेल्या समुद्रातलं एक बेट, तिथे जुन्या राजवटीत बंद दाराआड पोसलेला एक जंतू, आणि दारूपायी तिथून हाकललेला एक डॉक्टर, जो सगळ्या देशावर सूड उगवायचा म्हणून वसंताच्या सणाला चौकातल्या भल्यामोठ्या कढईत, सगळ्यांना वाटायच्या आंबट पेजेत, तो जंतू मिसळतो. इथवर कुणीही लिहिलं असतं. मेरगालीचं स्वतःचं होतं ते पुढचं. हा रोग मेंदू खात नाही, पूर्वज खातो. प्रत्येक पोराला घोकून पाठ करावी लागतात ती सात पिढ्यांची नावं एकेक करून पुसली जातात, लांबच्या टोकाकडून. आधी सातवा जातो, मग सहावा. माणूस बाजारात भाव करत असतो आणि खापरपणजोबा गेलेला त्याला कळतही नाही. मग पणजोबा, मग आजोबा, आणि ज्या क्षणी बापाचं नाव जातं त्या क्षणी तो शेजाऱ्याचा चावा घेतो. हे सुचलं तेव्हा मेरगाली स्वयंपाकघरात एकटाच टाळ्या वाजवत उभा होता. कुठून सुचलं ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बसच्या खिडकीत स्वतःचा लोंबता कान बघताना ते पुन्हा वर आलं. सासऱ्याच्या घरचा टेबलक्लॉथ, त्यावरची निळी फुलं. ऐमान त्याच्याबरोबर पळून आली (आली ती हसत, स्वतःची सुटकेस स्वतः उचलून), त्यानंतर रीतीप्रमाणे त्याच्याकडची माणसं माफी मागायला तोरेखानच्या घरी गेली होती. म्हणजे गेला होता मुख्यतः काझीबेककाका. काका दारातून आत शिरला तेव्हाच बोलत होता. काकाने माफी मागितली, काकाने दोन तारांचा डोंब्रा वाजवला, काकाने दोन्ही घराण्यांची थोरवी गाऊन दाखवली, काकाने सासूला रडवलं आणि मग तिलाच हसवलं. मेरगाली दाराजवळच्या जागेवर बसून निळ्या फुलांना पाकळ्या किती ते बघत होता. जेवण झालं. सगळे शांत झाले. तोरेखानने टेबलाभोवती एकदा नजर फिरवली, ती मेरगालीपाशी येऊन थांबली, मेरगालीने मान आणखी खाली घातली, आणि तोरेखान खाकरून उठला. "हीटर का तापत नाही ते बघून येतो." जन्मभर शहराच्या उष्णता केंद्रात नोकरी केलेल्या माणसाच्या घरचा हीटर! दुवा मग शेजारच्या म्हाताऱ्याने उरकली. त्यानंतर प्रत्येक सणाला तेच. नजर फिरायची, थांबायची, आणि हीटर, नाहीतर नळ, नाहीतर खाली कुणीतरी गाडी आडवी लावलेली असायची. त्या नजरेखाली मेरगालीला आपलं नाव पुसलं जातंय असं वाटायचं, मग बापाचं, मग आजोबाचं. तर रोगाचा उगम हा असा. बेटबिट नंतर.

मंडई सोमवारी बंद असते म्हणून चित्रण सोमवारी. झोंबी होते मंडईतलेच विक्रेते. कामशातला नट परवडत नव्हते, आणि दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांना झोंबीची चाल शिकवावी लागत नाही. जर्दाळूवाला, मसालेवाला, गाजराच्या कोशिंबिरीवाल्या कोरियन बाया, आणि मटणवाली रौशानआपा, जिच्या कपाळात रबराची एक सुरी रुतवली होती आणि जी त्या सुरीसकट चहा पीत होती. मेरगाली गर्दीत शिरून तिच्यामागे दडला. सासऱ्याला त्याने सांगितलं होतं की आपण आज घरी असू. आणखीही काही सांगितलं होतं: "बाबा, भूमिका मानाची आहे. तुम्ही शेवटपर्यंत ताठ उभे असता." यात खोटं काही नव्हतं. कागदावर म्हातारा शेवटपर्यंत ताठच उभा होता; मग झोंबी त्याला ओढून खाली पाडत होते आणि खात होते. "ए लेखक," रौशानआपा मागे न बघता कुजबुजली, "उकळत्या कढईत तुझा जंतू जगला कसा रे?" "सिनेमात जगतो, आपा." "बरं. आणि तोकेंना सांगितलंस का, की आज आम्ही त्यांना खाणार?" तोरेखानला मंडईत सगळे आदराने तोके म्हणत. मेरगालीने आपला लोंबता कान चाचपला. "नाही सांगितलंस," आपा म्हणाली. तिच्या आवाजात फार समाधान होतं.

तोरेखान आला तो लांब झगा घालून, हातात काठी, दाढी विंचरलेली, आणि मदतीला आलेले हात बाजूला सारून जर्दाळूच्या ओट्यावर चढला. वरच्या काचांतून ऊन त्याच्यावर पडत होतं. मेरगालीला प्रसंग पाठ होता. म्हातारा विचारतो, 'कुणाची पोरं तुम्ही?' कुणालाच उत्तर देता येत नाही, कारण कुणाला बापच उरलेला नाही. मग हात वर येतात. लिहिताना त्याला हुंदका आला होता. आता दिसत होतं ते असं की हा सिनेमा लागेल, तोरेखान आपला सगळा गोतावळा घेऊन पहिल्या खेळाला जाईल, सूट घालून, आणि साठ-सत्तर नातलगांच्या देखत त्याला मटणवाली खाईल. त्यानंतर दुवेचं नाव नको. त्यानंतर मांजराइतकंही नको. पळून जावं असं त्याच्या मनात आलं, पण झोंबीच्या वेशात पळालं तर लोक उगाच बघतात.

"तालीम!" कामशात ओरडली. "हळू या, हुंकार द्या, घेरा, आणि मी सांगितलं की झगा धरा. चला!" झोंबी निघाले. चाल खरोखर भयानक होती, काटा यावा अशी. जर्दाळूवाला सगळ्यांत आधी ओट्यापाशी पोचला, तोंडातून फेस गाळत त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, तोके." "वालैकुम अस्सलाम," तोरेखान वरून म्हणाला. "गुडघा कसा आहे?" "आपल्या कृपेने." मागून मसालेवाला, त्याने सलाम केला. बायांनी मान लववली. रौशानआपाची सुरी मान लववताना पडली, ती तिने पदरासारखी सावरून पुन्हा खोचली. रांगच लागली. प्रत्येक जण गुरगुरत येत होता, सलाम करत होता, घरच्यांची खुशाली सांगत होता आणि मग बाजूला होऊन पुन्हा गुरगुरत होता. "थांबा!" कामशातने डोकं धरलं. "अहो, तुम्ही मेलेले आहात!" "मेलो म्हणून रीत सोडायची?" आपा म्हणाली. "पोरी, उद्या मंगळवार आहे. हे माझ्याकडे बरगडीचं मटण घ्यायला येणार. आज सलाम न करता अंगावर गेले तर उद्या कुठल्या तोंडाने तोलू?" "आणि झगा? झगा कोण धरणार?" सगळे ओट्याकडे बघू लागले. झगा धरायला कुणी तयार नव्हतं. जर्दाळूवाला म्हणाला की पाय दाबायचे असतील तर तो दाबेल. कामशातने मग आर्जव केलं, धाक घातला, जेवणाची वेळ पुढे ढकलायची धमकी दिली. त्या सगळ्या गलक्यात एकट्या मेरगालीने पटकथेशी इमान राखलं होतं. हनुवटी छातीला लावून, नजर फरशीवर ठेवून, त्याने सलाम केला नव्हता, नुसता हुंकार दिला होता, घशातून, खरा. निदान एक तरी झोंबी या मंडईत आहे, असं त्याला वाटलं, आणि त्याचा त्याला आनंद होतो न होतो तोच बसमधली ती मुलगी आठवली. ती उठली होती. रोग तिला झाला असता तरी ती उठली असती. मग मी हे काय लिहिलं? सात नावं पुसली जातात, ठीक आहे, डोक्यातून पुसली जातात. पण पाय उठतात ते डोक्याला विचारून उठतात का? हा फेस गाळणारा माणूस छातीवर हात ठेवतो तेव्हा त्याला कोणता पूर्वज आठवत असतो? कोणताच नाही. हाताला हाताचंच आठवतं. त्याने स्वतःची नावं म्हणून पाहिली. बाप, आजोबा, पणजोबा... सातही होती, एका दमात आली. सगळे जागेवर होते आणि सगळे त्याच्यासारखेच मान खाली घालून बसले होते, एकामागे एक, निळी फुलं बघत.

"घेतोय! कॅमेरा!" आता चित्रण खरं होतं. झोंबी सरकले, या वेळी सलाम गिळून, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे आपोआप फार दुःखी झाले. ते कामशातला आवडलं असावं, कारण ती काही बोलली नाही. ओट्याला गराडा पडला. तोरेखानने काठी आपटली. "कुणाची पोरं तुम्ही?" त्याचा आवाज पत्र्याखाली घुमला. चांगला आवाज होता, मेरगालीला इतकी वर्षं त्यातला फक्त हीटरच ऐकू आला होता. कुणी उत्तर दिलं नाही. पटकथेत हेच होतं. आता 'झगा' असा हुकूम यायचा. तोरेखानने गर्दीवरून नजर फिरवली, एका टोकाकडून, सावकाश, जशी जेवणानंतर फिरवायचा तशीच, आणि ती नजर येऊन थांबली. मेरगालीने मान खाली घातली होती तरी त्याला ती थांबलेली कळली, जसं ऊन पाठीवर थांबलेलं कळतं. आणि त्याने काही ठरवलं नाही. ठरवलं असतं तर नक्कीच केलं नसतं. त्याने पाहिलं ते इतकंच की आपले दोन हिरवट, नखं उपटलेले हात समोर आलेत आणि उताणे झालेत. मग त्याने मान वर केली. मग, प्रसंगात एकाही झोंबीला बोलायची परवानगी नसताना, तो म्हणाला, "बाबा, दुवा द्या."

कामशातने 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. रौशानआपाचे तळवे वर आले. जर्दाळूवाल्याचे आले. मसालेवाला, कोरियन बाया, पार मागच्या रांगेतले तुटक्या मनगटांचे, सगळ्यांचे हात उताणे झाले. ओट्याभोवती सडक्या तळव्यांची एक ताटली तयार झाली. तोरेखानने काठी काखेत धरली. त्याने दोन्ही हात वर केले, घसा साफ केला (मेरगालीच्या काळजात हीटर चर्रकन वाजला), आणि बोलायला लागला. "ज्या बेटावरून हा रोग आला त्या बेटावर तो परत जावो. तिथे त्याला खायला काही न मिळो. तुमचा तराजू खरा राहो, गिऱ्हाईक उधार न मागो. पायांची सूज उतरो. ज्या डॉक्टराने पेजेत विष घातलं त्याला कुणीतरी वेळेवर जेवायला बोलवो, म्हणजे त्याला असली अक्कल पुन्हा सुचायची नाही. आणि हा जो माझा जावई इथे अर्ध्या कानानिशी उभा आहे, त्याच्या घरी जे यायचं आहे ते सुखरूप येवो, त्याला माझं आयुष्य लाभो, आणि बापापेक्षा लवकर तोंड उघडायची बुद्धी होवो. आमीन!" "आमीन," झोंबी म्हणाले आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. चार नाकं पडली. कान किती पडले ते कुणी मोजले नाहीत. रंगवणारी बाई कोपऱ्यात मटकन खाली बसली. मेरगालीच्या तळव्यात त्याचा गाल आला होता, आणि त्याखालचा स्वतःचा गाल त्याला थंड आणि नवा लागत होता.

तोरेखानला ओट्यावरून उतरवायला तो पुढे झाला. या वेळी त्याचा हात कुणी बाजूला सारला नाही. "ओळखलंत कसं?" त्याने विचारलं. "सगळ्यांनी सलाम केला," तोरेखान म्हणाला. "एकटा खाली बघत होता. म्हटलं, हा आपल्याच घरातला." "मग इतकी वर्षं..." "इतकी वर्षं काय? दुवा मागायची असते, जावईबापू. मागितलीस कधी? माफी तुझा काका मागत होता. त्याला दिली असती तर तो जावई झाला असता माझा. दर सणाला मी तुझ्याकडे बघायचो, आता मागेल, मग मागेल, आणि तू आपला टेबलक्लॉथकडे. मग मीही उठायचो. न मागितलेली द्यायची म्हणजे कुणाच्या खिशात कोंबल्यासारखं होतं." इतके सण, इतकी जेवणं, आणि ती नजर हाकलणारी नव्हती, थांबलेली होती. थांबून वाट बघणारी. "बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. या प्रसंगात शेवटी तुम्हाला..." "खातात. मटणवालीने गेल्याच आठवड्यात सांगितलं." "तरी आलात?" "म्हटलं, बघू तरी," म्हातारा झगा झटकत म्हणाला, "खायला का होईना, माझ्यासमोर तोंड उघडतो का ते."

कामशात धावत आली. तिचे डोळे ओले होते आणि ती ते मान्य करायला तयार नव्हती. "आगा, तुमच्या शेवटाचं वाटोळं झालंय," ती म्हणाली. "रोग इथेच बरा होतो आता. पुढची पन्नास पानं काय करू?" "फेक," मेरगाली म्हणाला आणि आपण हे म्हटलं याचं त्याला नवल वाटलं. मग तो मसाल्याच्या ओट्यामागे गेला आणि ऐमानला फोन लावला. आनंदाची बातमी आधी पोचवणाऱ्याने बक्षीस मागायचं असतं, तसं तो ओरडला, "खूशखबर! काय देतेस बोल!" आणि मग सांगितलं, सगळं, उलटसुलट, सलाम, हीटर, चार नाकं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. त्याला वाटलं ती रडतेय. "म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "बाबा वाट बघत होते तू मागशील म्हणून, आणि तू वाट बघत होतास ते देतील म्हणून?" "हो." "आणि दर सणाला मी मधे बसून एकदा त्यांना वाढत होते आणि एकदा तुला." "हो." "आणि बक्षीसही मीच द्यायचं?" मग ती हसायला लागली, आणि या वेळी ते त्याला उशिरा लागलं नाही, लगेच लागलं.

तेव्हा जमाखर्च मांडायचा तर तो असा. कामशातने शेवट गमावला आणि त्याहून बरा कमावला, ती बरोबरीत सुटली. रंगवणाऱ्या बाईचे चार तास गेले. मटणवालीने आपला बंद गाळा उघडून सगळ्या मेलेल्यांना जेवू घातलं आणि पैसे नाकारले, पण ती गोष्ट पुढची दहा वर्षं गिऱ्हाइकांना सांगून ती ते वसूल करणारच आहे. मेरगालीचा रोग बुडीत गेला. तोरेखानने चार शब्द दिले, तेवढे त्याच्याकडे कधीचे साठून होते. ज्या दोघांनी इतकी वर्षं हट्ट चालवला त्या दोघांच्या पदरचं असं काहीच गेलं नाही. एकमेकांना न खाता दोघे मिळून जे खात राहिले ते ऐमानचे सण होते, आणि त्यांची सगळी किंमत तिने एकटीने भरली.